तमिळची एक ओळ

पहिलं प्रूफ निघालं तेव्हा 'मराठी' हा शब्द जिना चढत होता. म खाली, रा त्याच्या वर, ठी आणखी वर. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ वेगळ्या उंचीवर, आणि दोन रेघांच्या मध्ये बोटभर फट. मी कागद दोन्ही हातांनी धरून उभा होतो. आमचे आचारी माझ्या खांद्यावरून बघत होते. आचारी म्हणजे स्वयंपाकी नव्हे, तमिळमध्ये सुताराला म्हणतात; लाकडी अक्षरं कापायचं काम त्यांचं. त्यांना त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं त्यांनाही दिसत होतं.

समोरच्या बाकावर आबाजी पंतोजी बसले होते. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला.

"श्यामू," ते म्हणाले, "अक्षरं उभीं केलींस काय रे तूं? आमचीं अक्षरं उभीं राहत नाहींत. तीं टांगायचीं."

हे पासष्ट सालच्या पोंगलच्या आधीचं. मी तेव्हा तंजावरच्या एका प्रेसमध्ये पोस्टर सेक्शनला कंपोझिटर होतो. वय सत्तावीस. कंपोझिटर म्हणजे खिळे जुळवणारा माणूस. एक अक्षर म्हणजे एक खिळा. ते ओळीत जुळवायचे, चौकटीत आवळायचे, शाई लावायची आणि वर कागद दाबायचा. लहान अक्षरांचे खिळे शिशाचे असतात. पोस्टरवरचं वीतभर अक्षर शिशाचं केलं तर उचलायला हमाल लागेल, म्हणून ती लाकडाची असतात. आमच्याकडे वीणा करणाऱ्यांकडून फणसाच्या लाकडाचे उरलेले तुकडे येत. त्यातून आचारी अक्षरं कापत.

आचारी सुताराच्या घरातले. शाळेत कधी गेले नाहीत. तमिळ आणि इंग्रजी अक्षरं त्यांनी तीस वर्षं कापली, पण सही अंगठ्याची. तरी अक्षराच्या अंगाची मला जी काही ओळख झाली ती त्यांच्यामुळेच. तमिळमध्ये अक्षराच्या खुणांना शिंग, पाय, भोवरा असं म्हणतातच. आचारी त्यापुढे जात. "याचं पोट सुटलंय," ते म्हणत, "याची मान आखडली," "याच्या काखेत शाई साठणार, जरा मोकळी कर." अक्षराच्या आत जी पांढरी जागा राहते, तिच्याकडे बघायला त्यांनीच मला शिकवलं. काळं सगळेच बघतात. पांढरं नीट ठेवलं नाही तर शाई तिथे शिरते आणि लांबून अक्षराचा डाग दिसतो. पहिली दोन वर्षं मी नुसतं हेच शिकलो.

पण ती सगळी जमिनीवर उभी राहणारी अक्षरं. तमिळ काय, इंग्रजी काय, खाली एक रेघ धरायची, तिला बेसलाइन म्हणतात, आणि सगळ्यांचे पाय तिच्यावर टेकवायचे. देवनागरीचा खिळा मी कधी हातात धरला नव्हता. आम्ही घरात मराठी बोलायचो, लिहायचो तमिळ. आई तिच्या बहिणीला पत्र लिहायची ते मराठीतच, पण अक्षरं तमिळ. आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली घरं मराठी राजांच्या काळी इकडे आलेल्यांची, आणि बहुतेकांत हीच तऱ्हा. देवनागरी वाचता येणारी माणसं म्हातारी होती, आणि त्यांतली निम्मी देवाचं पुस्तक पाठ होतं म्हणून वाचत.

पंतोजी मात्र खरे वाचणारे. सत्तरी ओलांडलेली, बायको गेलेली, मुलगी बंगळुरात. देवळाच्या मागे एका खोलीत ते संध्याकाळी मराठी शिकवत. एकेकाळी तिथे तीस पोरं बसत. त्या वर्षी चार उरली होती. देवळाच्या विश्वस्तांनी त्यांना सरळ सांगितलं, रथसप्तमीपर्यंत पंधरा नावं आणा, नाहीतर खोली खताच्या व्यापाऱ्याला गोदामाला देतो. विश्वस्तही आमच्यातलेच. त्यांचीही मुलं तमिळच वाचत होती.

पंतोजी माझ्याकडे आले ते एवढंच मागायला. "एक मोठा कागद छापून दे, श्यामू. भिंतीवर लावूं. लोकांच्या डोळ्यांपुढें अक्षर आलें तर आठवण तरी येईल त्यांना."

मी मुदलाळींना विचारलं. मुदलाळी म्हणजे आमचे मालक. मला वाटलं नाही म्हणतील, देवनागरी अक्षरं कापायची म्हणजे आचारींचे तीन आठवडे गेले. पण ते खुर्चीत पुढे सरकले.

"राव," ते म्हणाले. तंजावरात आम्हा सगळ्यांनाच राव म्हणतात. "ही अक्षरं हिंदीचीच ना?"

"अक्षरं तीच, भाषा वेगळी."

"मग कापा. सुटी सुटी कापा, पुन्हा वापरता आली पाहिजेत. जानेवारीपासून सरकारी काम हिंदीत होणार म्हणतात. पोस्टरं तीही लागतील. जिल्ह्यात हा माल फक्त आपल्याकडे असेल."

त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. मला काय, अक्षरं कापायला मिळत होती. मी उड्या मारतच खाली आलो.

मजकूर दोन ओळींचा. 'मराठी शिका' आणि खाली 'आपली भाषा'. खोलीचा पत्ता आणि वेळ पंतोजींच्या हस्ताक्षरातच लिहून मद्रासहून छोटा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, करून आणायचा असं ठरलं. मोठी अक्षरं पंतोजींनी बोरूने पातळ कागदावर लिहून दिली. तो कागद आम्ही लाकडावर उलटा चिकटवला, वरून तेल चोळलं, की अक्षर उलटं दिसतं. तसंच कापायचं, म्हणजे छापताना सुलटं येतं. इथवर सगळं नेहमीसारखं. आणि नेहमीसारखेच आम्ही प्रत्येक अक्षराचे पाय लाकडाच्या खालच्या कडेला टेकवले, आणि दोन्ही बगलांना थोडी जागा सोडली. त्याचाच तो जिना.

पंतोजींनी मला बाहेर नेलं. समोर टपरीत केळीचे घड टांगले होते. "ते बघ," ते म्हणाले. "एक लांब, एक आखूड. खालून सारखे आहेत काय? वरून सारखे. दोरी एक. आमचें अक्षर तसें. आधीं दोरी, मग अक्षर."

मी आत आलो आणि आचारींना सांगितलं, सगळं पुन्हा कापायचं, वरून मोजायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, विडा थुंकून आले आणि रंधा हातात घेतला.

पुढचे तीन आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यांत सुखाचे. रोज दुपारी पंतोजी यायचे, बाकावर बसायचे आणि एकेक अक्षर उलगडून सांगायचे. ही शिरोरेघ. हा दंड, ह्याच्यावर अक्षराचा भार. ही गाठ, इथे बोरू वळतो, म्हणून इथे जाड. हे पोट. क ला दंडाच्या दोन बाजूंना दोन पोटं, पण दोन्ही सारखी केलीस तर अक्षर ठोंब्यासारखं दिसेल, उजवं जरा मोकळं सोड. वेलांटी दोरीच्या वर जाते, तिच्यासाठी लाकूड उंच घे. शिरोरेघ लाकडाच्या कडेपर्यंत आली पाहिजे, बगल सोडायची नाही, म्हणजे शेजारच्या अक्षराची रेघ तिला येऊन भिडते.

आचारी ऐकत. पंतोजींचं मराठी त्यांना कळत नसे, मी तमिळमध्ये सांगत असे. पण थोड्या दिवसांनी ते दोघं माझ्याशिवायच बोलू लागले. एक बोटाने हवेत काढायचा, दुसरा मान हलवायचा. एकदा आचारींनी भ च्या डोक्यावरची रेघ भरून टाकली. त्यांना वाटलं, अर्धी राहिली आहे, लिहिणाऱ्याचा हात थरथरला असेल. ते जवळजवळ म दिसायला लागलं. पंतोजींनी ते हातात घेतलं आणि हसले. "ह्यांस सांग, भ चें टाळकें उघडेंच असतें. जन्मतःच." आचारींनी पुन्हा नवीन तुकडा घेतला.

मी त्या तीन आठवड्यांत वाचायला शिकलो. पंतोजींनी वहीत माझं नाव लिहिलं, पाचवं. तोंडी हो म्हटलेली आणखी तीन घरं होती. म्हणजे आठ. पोस्टर लागलं की सात कुठेही मिळतील असं आम्ही धरून चाललो होतो.

शेवटचं प्रूफ निघालं त्या दिवशी शिरोरेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध होती. लाल शाई, वीस बाय तीस इंची डबल क्राउन कागद. मी ते भिंतीला लावून दहा पावलं मागे गेलो. इतकं देखणं पोस्टर मी पूर्वी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही.

पंतोजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "श्यामू, खालीं एक ओळ तमिळांत घालूं काय?"

"कशाला?"

"नाहीं, लोकांना कळायला."

मी म्हणालो, "पंतोजी, नक्को. ही अक्षरं टांगलेली, ती उभी. एकाखाली एक घातली तर दोन्ही बिघडतील. ह्या पोस्टरची सगळी शोभा जाईल."

ते म्हणाले, "तुला त्यांतलें कळतें. तूं म्हणतोस तसें."

हे वाक्य मी साठ वर्षं विसरलेलो नाही. गिऱ्हाइकाने बरोबर तेच मागितलं होतं आणि मी, धंद्यातला माणूस, माझ्या पोस्टरच्या प्रेमात पडून त्याला नाही म्हणालो.

पोंगल झाल्यावर आम्ही पोस्टरं लावली. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या, देवळाची भिंत, बाजारातला कोपरा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फेरी मारली. आमच्या शेजारच्या अंबूबाई पोस्टरसमोर उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले, डोळ्यांना लावले.

"कोणते स्वामी येतात रे, श्यामू?" त्यांनी विचारलं.

मी हसलो. घरी येऊन आईला सांगितलं, तीही हसली. मला तेव्हा थांबायला हवं होतं. अंबूबाई जन्मभर मराठी बोलल्या होत्या, त्यांच्या नातवासाठीच ते पोस्टर होतं, आणि त्यांना ते स्वामींचं वाटलं. मी त्यातून एवढंच घेतलं की पोस्टर भारदस्त दिसतंय.

आठवड्याभरात हिंदीविरुद्धचं वातावरण पेटलं. कॉलेजं बंद पडली, पोरं रस्त्यावर आली. त्यांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. परकी भाषा वरून लादली तर कुणालाही राग येईल, आणि मीही तमिळच वाचत मोठा झालो होतो. स्टेशनावरच्या पाट्यांवर डांबर फासल्याचं कानावर आलं. ते ऐकूनही माझ्या डोक्यात आमच्या पोस्टरचा विचार आला नाही. माझ्या लेखी ते मराठी होतं ना.

सकाळी कामावर निघालो तर गल्लीच्या तोंडाशीच पहिलं पोस्टर काळं. दुसरं काळं. देवळाच्या भिंतीवरची सगळी काळी. नीट, वरपासून खालपर्यंत, झाडूने फासलेली. कुठे कुठे डांबराच्या कडेला शिरोरेघेचं टोक तेवढं लाल दिसत होतं. मी तिथेच तिण्णैवर बसलो. तिण्णै म्हणजे घरापुढचा ओटा.

प्रेसला न जाता घरी परतलो. मागच्या दारी आई माझ्या धाकट्या भावाच्या हाताला रॉकेल चोळत होती. मुरारी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता; दिवसभर कॉलेजात असायचा, माझ्या प्रेसमधलं काही त्याला ठाऊक नसे. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत डांबर होतं.

"कोठें गेला होतास?" मी विचारलं.

"सगळे गेले होते, अण्णा. आपल्या गल्लीतसुद्धा हिंदीची पोस्टरं लावलीत. आपल्या देवळावर. बघितलींस काय?"

आईचा हात थांबला. तिला ठाऊक होतं.

"ती हिंदी नव्हती, मुरारी," मी म्हणालो. "मराठी होती. मी छापलेली. 'मराठी शिका, आपली भाषा.' पंतोजींची."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग आईच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. एवढा दांडगा पोरगा, पण त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला. "मला वाचतां येतें काय? मला कोणी शिकवलें?" आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "खालीं एक ओळ तमिळांत घालायला काय झालें होतें, अण्णा?"

माझ्याकडे उत्तर होतं. शोभा जाईल म्हणून घातली नाही. ते तोंडातून निघालं नाही.

त्याच दिवशी मी त्याला पंतोजींकडे घेऊन गेलो. वाटेत दोनदा तो परत फिरला. पंतोजी खोलीतच होते, एकटे. त्यांनी पोस्टरं बघितली होती. मुरारी दारात उभा राहिला आणि हात पुढे केले. रॉकेलने डांबर गेलं होतं, नखांत राहिलं होतं.

पंतोजींनी ते हात बघितले. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझा काय दोष," ते म्हणाले. "तूं ह्या गल्लींत वाढलास. ही खोली तुझ्या घरापासून वीस पावलांवर. मी तुला एकदां बोलावलें नाहीं. जे आपणहून आले त्यांनाच शिकवीत बसलों." मग त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. त्यांचे खांदे हलत होते. मी उभ्या आयुष्यात एवढा खजील झालो नव्हतो.

डोळे पुसून त्यांनी वही काढली आणि मुरारीचं नाव लिहिलं.

ते नववं व्हायला हवं होतं. झालं नाही. डांबर फासल्यावर लोक घाबरले. तोंडी हो म्हटलेली तिन्ही घरं म्हणाली, सध्या नको पंतोजी, पोरांना रस्त्यात कुणी अडवील. जी चार पोरं येत होती त्यांतली तीन यायची बंद झाली. पंतोजी घरोघर गेले. मीही गेलो. सगळ्यांनी बसायला पाट दिला, कॉफी दिली, पंतोजींच्या पाया पडले. नाव कुणी दिलं नाही. रथसप्तमीला वहीत तीन नावं होती आणि त्यांतली दोन आमच्या घरची. पोस्टर लावलंच नसतं तर निदान आठ असती.

विश्वस्तांनी शब्द पाळला. दुसऱ्या आठवड्यात खोलीत खताची पोती आली.

पंतोजींनी फळा घरी नेला आणि आम्हा दोघांना ओट्यावर शिकवायला लागले. मुरारी बाराखडी शिकला, जोडाक्षरांपर्यंत आला. आषाढात पंतोजींना ताप आला आणि चार दिवसांत ते गेले. मुलगी बंगळुराहून आली, तिने सगळं आटोपलं, घराला कुलूप लावलं. पुढे मुरारीला नेय्वेलीला नोकरी लागली. तिथे मराठीचं काय काम? त्याची अक्षरं गेली.

मुदलाळींनी तर डांबराच्या दुसऱ्याच दिवशी मला वर बोलावलं होतं. "राव, ती लाकडं माझ्या प्रेसमधून हलवा. एखादा दगड आत यायला वेळ लागणार नाही." लाकूड चांगलं होतं, फेकवेना. आचारींनी एकेक अक्षर हातात घेऊन बघितलं, त्यावरून अंगठा फिरवला. "ह्या उघड्या टाळक्याला फार वेळ लागला होता," ते म्हणाले. मग रंध्याने सगळी सपाट केली आणि त्यांवर तमिळ अक्षरं कापली. फणसाचं लाकूड टिकाऊ. सदुसष्टच्या निवडणुकीची कितीतरी पोस्टरं त्याच लाकडांवर छापली. चांगली उठली.

त्यानंतर मी तेहेतीस वर्षं त्या धंद्यात होतो. गिऱ्हाईक आलं की आम्ही विचारायचो, साइज काय, रंग किती, प्रती किती. मी त्याआधी एक प्रश्न घातला, वाचणार कोण? लोकांना तो विचित्र वाटे. नवीन कंपोझिटरांना मी अक्षराचं पोट, मान, शिरोरेघ सगळं शिकवलं, पण हे आधी शिकवलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कितीही देखणं अक्षर कापलंत तरी तो काळा डागच.

ही हकीकत लिहून झाल्यावर मी मुरारीला फोनवर वाचून दाखवली. त्याला आता अक्षरं येत नाहीत, पण कान शाबूत आहे. शेवटी म्हणाला, "बरें लिहिलेंस, अण्णा. पण हें वाचणार कोण? तुझीं नातवंडें कीं माझीं?"

आमच्या दोघांच्या घरांत मिळून देवनागरी वाचणारा मी एकटा आहे.

"तमिळांत लिही," तो म्हणाला. "मी काय केलें तें पोरांना कळूं दे."

त्याचं बरोबर आहे. ते आधी करायला हवं होतं.